समोरच्या दाराचं पान

मागच्या रविवारी तुम्ही दोघांनी विचारलंत, की आपल्या सोसायटीची वेबसाइट उघडली तर नुसतं पांढरं पान का दिसतं. तुमची आई बाजूलाच बसली होती आणि तिला लगेच माझी काळजी लागली असती, म्हणून "दुरुस्ती चाललीय" असं सांगून मी विषय बदलला. दुरुस्ती वगैरे काही चाललेली नाही. ते पान आम्ही मुद्दाम पांढरं केलं आहे. ते का केलं, हे तुम्हाला पहिल्यापासून सांगते.

बोरिवलीची आपली इमारत तुम्हाला आठवत असेलच. तीन मजले, लिफ्ट नाही, आणि जिन्याच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. इथली एक जुनी पद्धत तुम्ही लहान होतात म्हणून कदाचित तुमच्या लक्षात आली नसेल. प्रत्येक घराची जादा किल्ली दुसऱ्या कोणाकडे तरी असते. बहुतेक वेळा समोरच्यांकडे. समोरच्यांशी बोलणं बंद असेल तर वरच्यांकडे. आपल्या दाराशेजारच्या खिळ्याला लाल फितीची किल्ली होती, ती समोरच्या आजींची. तुम्हाला मालवणी वडे करून घालायच्या, त्या. आपली किल्ली त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात असे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं आणि लिहायची गरजही कोणाला वाटली नव्हती.

मग गेल्या वर्षी वरच्या मजल्यावरचे एकटे राहणारे गृहस्थ न्हाणीघरात पडले. न्हाणीघरांच्या खिडक्या मधल्या डक्टमध्ये, म्हणजे हवेसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत उघडतात, त्यामुळे त्यांचा आवाज सगळ्या घरांत येत होता. ते ओरडत नव्हते. बोलल्यासारखं, हळू आवाजात, "कोणी आहे का" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. आम्ही सगळे त्यांच्या दाराशी जमलो आणि एकमेकांना विचारू लागलो, की यांची किल्ली कोणाकडे आहे? त्यांचं समोरचं घर रिकामं होतं. शेवटी कोणाला तरी आठवलं, की किल्ली पहिल्या मजल्यावरच्यांकडे आहे. ते कांदिवलीला बारशाला गेले होते. कांदिवली म्हणजे पुढचंच स्टेशन, पण बारशाच्या गोंगाटात त्यांचा फोन पर्समध्ये वाजत राहिला. कुलूप तोडेपर्यंत डक्टमधला आवाज थांबला होता.

ही बातमी समोरच्या आजींच्या मुलापर्यंत अमेरिकेत पोचली. त्याला पनवेलजवळचा एक वृद्धाश्रम आधीपासूनच पसंत होता. बाग, डॉक्टर, भजनाचा हॉल, सगळं असलेला. तो मला फोनवर म्हणाला, "काकू, आई एकटी आहे, तिला ऐकू येत नाही, धड दिसत नाही. उद्या तिचं असं झालं तर?" मी म्हटलं, मी समोरच आहे. तो म्हणाला, "तुम्हीही सत्तरीच्या पुढे आहात." शेवटी त्याने एक अट घातली. सोसायटीने अशी काही सोय केली, की आईला काही झालं तर कोणालाही, अगदी नवख्या माणसालाही, तिच्यापर्यंत लगेच पोचता येईल, तर आई राहू दे तिथे. नाहीतर तो येऊन तिला घेऊन जाईल.

समोरच्या आजींना हे मी पाटीवर लिहून दाखवलं, कारण ओरडून सांगण्यासारखी ती गोष्ट नव्हती. त्यांनी वाचलं, पदराने पाटी पुसली आणि म्हणाल्या, "मी खय जावचंय नाय. तू काय ती सोय कर."

सोसायटीच्या सभेत वेबसाइट करायची ठरली. तिसऱ्या मजल्यावरची सून घरी बसून वेबसाइटी करण्याचंच काम करते. त्यांच्या हॉलमध्ये बुद्धाच्या छोट्या मूर्तीशेजारी तिचं टेबल आहे. संगणकाचे दोन मोठे पडदे, आणि त्यांच्यामागे सासूबाईंचे पापड वाळत घातलेले. ती म्हणाली, बांधणी मी करते, पण कुठे काय ठेवायचं हे काकूंनी ठरवावं. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं, म्हणून सगळ्यांना ते पटलं.

मला या कामाचा फार आनंद झाला, हे लपवत नाही. ग्रंथालयात माझा एक नियम होता. आलेल्या माणसाला कोणाला काही विचारावं लागता कामा नये. पाट्या अशा हव्यात, की दारातून शिरलेला मुलगा थेट आपल्या पुस्तकाच्या कपाटापाशी जाऊन उभा राहील. वेबसाइटलाही मी तोच नियम लावला.

पहिल्या पानावर मेनू नको, असं मी सांगितलं. तिथे आपल्या इमारतीचं चित्र हवं. खिडकीवर बोट ठेवलं की ते घर उघडेल. घराच्या पानावर दाराचा फोटो, राहणाऱ्यांची माहिती, किल्ली कोणाकडे आहे ते, आणि खाली "लक्षात ठेवा" म्हणून दोन-चार ओळी. बस. अक्षरं मोठी, मागचा रंग सायीसारखा, म्हणजे मोतीबिंदूच्या डोळ्यांना टोचणार नाही. कुठल्याही पानावरून इमारतीच्या चित्राकडे परत यायचं बटण एकाच जागी, उजव्या अंगठ्याखाली. सुनेने सरकती चित्रं घातली होती, ती मी काढायला लावली.

"काकू, थोडं तरी हलतं काही ठेवू ना, छान दिसतं," ती म्हणाली.

"अगं, आमचे हात हलतात तेवढे पुरेत."

तयार झालेलं प्रत्येक पान आम्ही समोरच्या आजींच्या हातात देऊन बघायचो. त्या फोन नाकाला लावून बघत. "बोट ठेवलंय की सगळा पळता मेला!" असं त्या म्हणाल्या, की सून खिडक्या मोठ्या करी. त्यांच्या दाराचा फोटो काढायला गेलो, तर म्हणाल्या, "थांब गो, आधी तोरण बदलूक दी. अमेरिकेतसून झील बघतलो." त्यांनी कपाटातून मण्यांचं नवं तोरण काढून बांधलं आणि फोटोत येणार नसूनही केस विंचरून आल्या.

त्यांच्या पानावरच्या ओळी मी स्वतः लिहिल्या. "कानांनी कमी ऐकू येते. बेल दोनदा वाजवून थांबावे. दुपारी जेवणानंतर झोपतात. दार न उघडल्यास समोरच्या घरातून किल्ली घ्यावी." यातलं "थांबावे" मला विशेष आवडलं होतं. बेल वाजवत सुटू नये, हे न रागावता सांगितलं जात होतं.

सून म्हणाली, "काकू, हे बाहेरच्यांना दिसायला नको. पासवर्ड ठेवू." मलाही ते पटलं. पासवर्ड ठेवला, इमारतीचं नाव आणि पुढे ती बांधली ते साल. सगळ्यांना सांगितला. आठवडाभरात सगळे विसरले. जो तो सेक्रेटरींना फोन करून विचारू लागला. त्यांची बायको वैतागली. एका सकाळी मी भाजी घेऊन येत होते, तेव्हा खाली पत्रपेट्यांशेजारच्या फळ्यावर, पाणी उशिरा येणार असल्याच्या सूचनेखाली, सेक्रेटरींच्या त्या सुंदर वळणदार अक्षरात लिहिलेलं दिसलं, "सभासदांच्या सोयीसाठी वेबसाइटचा पासवर्ड पुढीलप्रमाणे." खाली खडूने दोनदा रेघ मारलेली.

मी वर जाऊन त्यांना म्हटलं, "अहो, फळ्यावर कशाला लिहिलंत?"

"मग कुठे लिहू? सगळे तिथेच बघतात."

"सगळेच बघतात ना!"

"काकू, तुम्हीच म्हणालात ना, सोपं हवं? पुसला तर पुन्हा माझा फोन वाजणार. आणि आपल्या घरांत आहे काय चोरण्यासारखं? गुडघ्याचे पट्टे?"

त्यांच्या घरातले सगळे हसले. मीही हसले. ते अक्षर फळ्यावर तसंच राहिलं. पाण्याच्या सूचना बदलत गेल्या, पण ते कोणी पुसलं नाही.

वेबसाइटचं खूप कौतुक झालं. शेजारच्या सोसायटीचे लोक बघायला आले. समोरच्या आजींचा मुलगा फोनवर म्हणाला, "काकू, सुंदर झालंय. मला घरात शिरल्यासारखं वाटतं." पनवेलचा विषय त्याने काढला नाही. समोरच्या आजींनी त्या दिवशी तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे केले आणि अर्धे आपल्याकडे पाठवले.

नंतर एकदा सुनेने मला वर बोलावलं. कोणत्या पानावर किती जण येऊन गेले, हे तिला तिच्या पडद्यावर दिसतं. सेक्रेटरीही होते. प्रत्येक घरासमोर एक छोटी निळी पट्टी होती, जितके लोक आले तितकी लांब. सगळ्यांच्या पट्ट्या नखाएवढ्या. समोरच्या आजींची मात्र पडद्याच्या कडेपर्यंत गेलेली.

"अरे वा, आजी तर हिट आहेत!" सेक्रेटरी म्हणाले.

सून हसली नाही. ती म्हणाली, "रोज कोणीतरी बघतं. आणि बहुतेक दुपारीच."

मी समोरच्या आजींना विचारलं, तू उघडतेस का गं तुझं पान? "माझो फोन तर दिवसभर चार्जिंगक असता," त्या म्हणाल्या. "मी माझा दार कित्याक बघू? बाहेर इलंय की दिसता."

तेव्हापासून मी दुपारी झोपेनाशी झाले. जेवण झालं की खुर्ची दारापाशी ओढून वाचत बसे आणि वाचलेलं काही डोक्यात शिरत नसे. खाली फळ्यापाशी कोण थांबतं हे बघायला मी दोनदा उगाच पत्रपेटी उघडायला गेले. फळ्यापाशी सगळेच थांबतात. पार्सलवाले थांबतात, गाडी येईपर्यंत कोणाचे पाहुणे थांबतात, इस्त्रीवाला थांबतो. पूर्वी नवखा माणूस जिना चढू लागला, की प्रत्येक मजल्यावर कोणीतरी दार किलकिलं करून "कोणाकडे?" असं विचारत असे. गोराईची कोळीण इतकी वर्षं येते, तिलाही विचारत. "मावशी, आज कोणाकडे?" आता ते बंद झालं होतं. लोक फोन बघत थेट हव्या त्या दाराशी येत आणि आम्हाला ते फार सुधारल्यासारखं वाटत होतं.

एका दुपारी समोरची बेल वाजली. दोनदा. मग थांबली.

मी खुर्चीवरून उठेपर्यंत थोडा वेळ गेला. दार उघडलं तेव्हा जिन्यात कोणी नव्हतं. पावलं खाली जात होती. घाईची नव्हती ती. समोरच्या आजी आत गाढ झोपल्या होत्या. संध्याकाळी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, "कोण नाय इलो."

सुनेला सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "काकू, पासवर्ड बदलूया." सेक्रेटरी गावाला गेले होते. त्यांना न विचारता बदलला तर सगळे गोंधळतील, म्हणून ते आले की बदलायचा, असं ठरलं.

ते यायच्या आधीच तो माणूस आला. दुपारचीच वेळ. पुन्हा समोरची बेल दोनदा वाजली आणि थांबली. या वेळी मी तयार होते. लाकडी दार उघडलं, जाळीचं बंदच ठेवलं. इस्त्रीचा शर्ट घातलेला, चाळिशीचा, सभ्य दिसणारा माणूस समोरच्या दाराकडे तोंड करून उभा होता. खांद्याला बॅग, गळ्यात ओळखपत्र. ओळखपत्र उलटं फिरलेलं. तो शांतपणे माझ्याकडे वळला, जणू मी दार उघडणार हे त्याला ठाऊकच होतं.

"नमस्कार काकू. गॅसच्या पाइपची तपासणी आहे. बेल दोनदा वाजवून थांबलो."

मुलांनो, मी जाळीच्या दाराची कडी चाचपली ती पाइपच्या तपासणीमुळे नाही. असं कोणी बोलत नाही. बेल वाजवली म्हणतात, कोणी उघडत नाही म्हणतात. "दोनदा वाजवून थांबलो" हे माझं वाक्य होतं. मी ते खोडून, पुन्हा लिहून, बसवलं होतं.

"झोपल्या असतील," मी म्हटलं.

"हो, जेवण झाल्यावर झोपतात ना. आणि ऐकूही कमी येतं." आवाजात काळजी होती. "त्यांना उठवायलाच नको. किल्ली तुमच्याकडे असते, तेवढी द्या. मी स्वयंपाकघर बघून पाच मिनिटांत परत देतो."

"माझ्याकडे नाही किल्ली."

त्याची नजर माझ्या खांद्यावरून आत गेली आणि दाराशेजारच्या खिळ्यावर थांबली. "ती लाल फितीची?"

"ती आमच्या कपाटाची आहे."

"बरं," तो म्हणाला. त्याला राग आला नाही, ते मला जास्त भीतिदायक वाटलं. "काही हरकत नाही, काकू. मी येईन पुन्हा."

"तुम्हाला हे सगळं सांगितलं कोणी?"

"कोणी कशाला सांगायला हवं?" तो हसला. "तुमच्या सोसायटीत सोय छान आहे. कोणाला काही विचारावंच लागत नाही."

आणि तो जिना उतरून गेला. तीच पावलं, तशीच. मी गॅलरीतून वॉचमनला हाक मारेपर्यंत तो फाटकाबाहेर पडला होता. वॉचमन म्हणाला, "वो तो बोला, तुम्हारे यहाँ से बुलाया है। फ्लोर भी सही बताया।"

सून धावत खाली आली. तिने फोनवरूनच त्याच वेळी समोरच्या आजींचं पान काढलं, मग सगळ्यांचीच काढली. आम्ही सगळ्यांनी मिळून सजवलेली चित्रातली इमारत माझ्यासमोर पडद्यावरून पुसली गेली आणि पांढरं पान राहिलं. तिने खाली जाऊन ओल्या फडक्याने फळाही पुसला. पोलीस चौकीत आम्ही दोघी जाऊन आलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "चोरी झाली का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, पुन्हा दिसला तर फोन करा.

समोरच्या आजींना सगळं सांगणं भाग होतं. पाटीवर मावेना, म्हणून त्यांच्या डोळ्यांसमोर तोंड धरून, ओठ सावकाश हलवत सांगितलं. त्या घाबरल्या नाहीत. कुलूप बदलणाऱ्याला त्यांनी स्वतः फोन लावायला सांगितला. मग माझा हात धरला.

"झीलाक सांगू नको गो. त्याका कळला, तर तो माका हयसून हलवतलो."

"आणि तो माणूस पुन्हा आला तर?"

"येऊ दे. नवा कुलूप आसा. तू आसस."

मी बरं म्हटलं. म्हणताना मनापासूनच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा फोन वाजला. अमेरिकेचा नंबर. आजींचा मुलगा होता. "काकू, आईचं पान उघडत नाहीये. काल पण नाही, आज पण नाही. पांढरं दिसतंय."

"तू बघतोस का ते?"

"रोज." तो जरा ओशाळला. "तुमच्याकडे दुपार असते ना, तेव्हा इथे माझी झोपायची वेळ होते. दाराचा फोटो बघतो आणि झोपतो. आईने नवं तोरण लावलंय."

म्हणजे रोज दुपारी येणारा तो होता. ती लांबलचक निळी पट्टी त्याची होती. क्षणभर मला हलकं वाटलं. आणि लगेच दुसरी गोष्ट लक्षात आली. मग तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस त्या पट्टीत दिसलाच नव्हता. तो रोज आलाच नव्हता. त्याला रोज यायची गरजच नव्हती. आम्ही ते पान इतकं सोपं केलं होतं, की एकदा बघून भागत होतं. त्याने किती घरं अशी एकेकदा बघून ठेवली असतील, आणि पान पुसलं तरी त्याच्या डोक्यातलं कसं पुसणार?

"काकू? काही झालंय का तिकडे?"

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. नव्या कुलपाची जादा किल्ली घेऊन समोरच्या आजी आमच्या खिळ्याला लावायला येत होत्या. तिला त्यांनी पुन्हा लाल फीत बांधली होती. माझ्या कानाला फोन बघून त्या जाळीच्या दाराला नाक लावून पलीकडेच थांबल्या. त्यांना ऐकू येत नाही, पण गेली कित्येक वर्षं त्या माझ्या ओठांवरूनच माझं बोलणं समजून घेतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्या माझ्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

मी पाठ फिरवू शकले असते. दुरुस्ती चाललीय, असं म्हणू शकले असते. पण "मी येईन पुन्हा" असं तो माणूस म्हणाला होता. तो कोण हे मला ठाऊक नाही, मी सत्तरीच्या पुढे आहे, आणि फोनवर त्यांचा मुलगा होता. मी पाठ फिरवली नाही. समोरच्या आजींकडे बघतच त्याला सगळं सांगितलं. बेल, किल्ली, कपाटाचं खोटं, सगळं. तो म्हणाला, "मी तिकीट काढतो."

मी फोन ठेवला. समोरच्या आजींनी हातातली किल्ली पदरात बांधली, मागे वळल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं. आधी नव्या कुलपाचा आवाज आला. मग वरची कडी लागली. मग खालची.